धूळ आणि कागद

महाराष्ट्रात ‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नाही. आपण म्हणतो सिमेंटचा पत्रा. गोठ्यावर, कारखान्याच्या शेडवर, गावातल्या जुन्या शाळेवर, वस्तीत वाढवलेल्या खोलीवर तोच करडा नागमोडी पत्रा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी वर चढतो, करवतीनं किंवा ग्राइंडरनं पत्रा कापतो, ड्रिलनं भोकं पाडतो, हुक आणि वॉशर बसवतो, अंगावरची पांढुरकी भुकटी झटकतो आणि खाली उतरून चहा पितो. नावात सिमेंट आहे, तेव्हा भुकटीही सिमेंटचीच असणार, असं तो धरून चालतो. पत्र्याला ताकद देणारा जो दगडी तंतू सिमेंटात कालवलेला असतो, त्याचं नाव बाजारात येता येता गळून गेलं आहे. हे पुस्तक त्या गळालेल्या नावाबद्दल आहे, आणि ज्यांना ते नाव पहिल्यापासून नीट माहीत होतं त्यांच्याबद्दल आहे.

ॲस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारा तंतुमय दगड. दगड असूनही तो पिंजता येतो, कातता येतो, विणता येतो; तो जळत नाही आणि सडत नाही. वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांच्या काळात असा पदार्थ मिळणं म्हणजे वरदानच वाटलं. बॉयलर आणि स्टीम पाइपवरचं उष्णता अडवणारं आवरण (लॅगिंग), व्हॉल्व्हमध्ये ठासायचा पॅकिंगचा दोर, गास्केट, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, भट्टीसमोर काम करणाऱ्याचे हातमोजे, अशा रूपांत जिथं जिथं उष्णता होती तिथं तो पोचला. पांढरा, निळा आणि तपकिरी हे त्याचे बाजारात चाललेले तीन मुख्य प्रकार. निळा सर्वांत जहाल, हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिन्ही प्रकार माणसाला कर्करोग करणारे म्हणून नोंदवले आहेत, आणि आज आपल्याकडे आयात होणारा पांढराही त्यात येतो.

तो जे करतो ते सावकाश करतो. केसाहून कितीतरी बारीक तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथल्या रक्षक पेशी त्यांना गिळायला पाहतात, पण तंतू पचत नाहीत. पेशी मरतात आणि त्या जागी व्रण धरतो. वर्षानुवर्षं व्रणावर व्रण चढत गेले की स्पंजासारखं मऊ फुफ्फुस चिवट होतं, फुगेनासं होतं. हा ॲस्बेस्टॉसिस. आधी जिना चढताना दम लागतो, मग सपाटीवर, मग आंघोळ करताना. बोटांची टोकं फुगतात, डॉक्टरांनी पाठीला नळी लावली की श्वास आत घेताना तळाशी चरचर ऐकू येते. काम सोडलं तरी आजार थांबत नाही, आणि फुफ्फुस पूर्ववत करणारं औषध नाही. याशिवाय फुफ्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा. हा शेवटचा तर पहिली धूळ नाकात गेल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, गावी गेलेला असतो. कारखान्याची जागा विकली गेलेली असते, कंपनीचं नाव बदललेलं असतं, मस्टर रद्दीत गेलेलं असतं.

म्हणून या विषयात प्रश्न धुळीइतकाच कागदाचा आहे. कोणाला कधी काय माहीत झालं, ते कुठं लिहिलं गेलं, तो कागद कोणाच्या कपाटात राहिला आणि कोणाच्या हाती कधीच आला नाही, यावर माणसांना न्याय मिळाला किंवा नाकारला गेला. तो माग काढायचा तर इंग्लंडमधल्या रॉचडेलपासून सुरुवात करावी लागते.

रॉचडेल हे तेव्हाच्या लँकेशायरमधलं गिरण्यांचं गाव. कापूस पिंजणाऱ्या, कातणाऱ्या कामगारांच्या हातात तिथं कापसाऐवजी हा दगडी तंतू आला. कार्डिंग आणि साचाखाता ही खाती आपल्या गिरणगावातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नकोत; तीच यंत्रं, तीच हवेत तरंगणारी पिंज, फक्त ही पिंज दगडाची. टर्नर ब्रदर्स या तिथल्या कारखान्यात नेली कर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातत असे. १९२२ साली ती इतकी थकली की काम सुटलं. तिच्या डॉक्टरांनी आजाराचं कारण ॲस्बेस्टॉसची बाधा असं लिहून दिलं. सरकारी आरोग्य विम्यानं तिला पैसे नाकारले, कारण आजार कामातून आलेला आहे, तेव्हा मालकाकडे जा. मालकानं नाकारलं, कारण नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत असा आजारच नाही. आजही आपल्याकडे आजारी कामगाराला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं जातं. त्याला नेलीची गोष्ट परकी वाटणार नाही. १४ मार्च १९२४ रोजी ती वारली. वय ३३. अंत्यविधीच्या खर्चालाही कंपनीनं हात लावला नाही. एकीला दिलं तर पायंडा पडेल, ही भीती. तिला नावाच्या दगडाशिवाय पुरलं गेलं. तिच्या फुफ्फुसाची तपासणी करणारे डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला आणि १९२७ साली या आजाराला ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिलं.

ती पहिली नव्हती. १८९८ सालीच ब्रिटनच्या महिला कारखाना निरीक्षक ल्यूसी डीन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या काचेसारख्या टोकदार कणांबद्दल सरकारी अहवालात लिहून ठेवलं होतं. त्यानंतर वर्षभरातच लंडनच्या डॉ. माँटेग्यू मरी यांच्याकडे कार्डिंग खात्यात काम केलेला एक तरुण आला. त्या खात्यात आपल्याबरोबर असलेले दहाही जण गेले, आपण एकटेच उरलो, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. थोड्याच काळात तोही गेला. मरी यांनी १९०६ साली सरकारी समितीपुढे हे सगळं नोंदवलं. विसावं शतक उजाडताना, ज्याला बघायचं होतं त्याला दिसत होतं.

मग १९३० साली कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक मेरवेदर आणि अभियंता प्राइस यांचा अहवाल आला. ॲस्बेस्टॉसचं कापड करणाऱ्या ३६३ कामगारांची तपासणी, त्यांतल्या ९५ जणांच्या फुफ्फुसांत व्रण. वीस वर्षांहून जास्त काम केलेल्यांत तर पाचांतल्या चार जणांना हा आजार. अहवालाच्या आधारे १९३१ साली ब्रिटननं नियम केले: धूळ ओढून घेणारे पंखे लावा, कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी करा, आजारी पडला तर भरपाई द्या. नियम अपुरे होते. ठरावीक खात्यांनाच लागू होते, जहाजावर आणि बॉयलरवर लॅगिंग करणाऱ्याला त्यांचं छत्र नव्हतं. तरी एक गोष्ट त्या दिवशी कायमची ठरली. यानंतर कुठल्याही ॲस्बेस्टॉस उत्पादकाला ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

आता या कहाणीचा आपल्याशी संबंध येतो. टर्नर ब्रदर्स ज्यात सामावली होती त्या टर्नर अँड न्यूऑल या समूहानं १९३०च्या दशकातच भारतात कारखाने उभे केले: आजच्या मध्य प्रदेशातल्या कैमोरला आणि मुंबईत मुलुंडला सिमेंटचे पत्रे. पुढे घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो आली. ब्रेक लायनर आणि ॲस्बेस्टॉसचं कापड. रॉचडेलच्या कामगारासाठी ब्रिटनमध्ये नियम झाला होता; मुलुंडच्या कामगाराला तो लागू नव्हता. पण मालक एकच होता. भांडवल आलं, यंत्रं आली, कच्चा माल आला, तंत्रज्ञ आले. रॉचडेलला कामगारांची फुफ्फुसं कशानं मेली, याचं ज्ञान मात्र कायद्यानं सक्ती केली नाही तोवर बोटीत चढलं नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत जड बाब वाटते. चूक अज्ञानातून होते आणि तिला क्षमाही असू शकते. एका कारखान्यात पाहिलेलं मरण दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाला न सांगणं याला चूक म्हणता येत नाही.

१९५५ साली संशोधक रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्याच कारखान्यातल्या, वीस किंवा अधिक वर्षं धुळीत काम केलेल्या ११३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगानं जेमतेम एखादा मृत्यू झाला असता. प्रत्यक्षात ११ झाले. हा निबंध छापला जाऊ नये म्हणून कंपनीनं प्रयत्न केले. डॉल मागे हटले नाहीत. कारखान्याच्या डॉक्टरांनी या कामात साथ दिली होती, पण निबंधावर त्यांचं नाव आलं नाही.

अटलांटिकच्या पलीकडे निराळं काही चाललं नव्हतं. जॉन्स-मॅनव्हिल आणि रेबेस्टॉस-मॅनहटन या मोठ्या कंपन्यांच्या वरिष्ठांनी १९३०च्या दशकात एकमेकांना लिहिलेली पत्रं चाळीस वर्षांनी न्यायालयांपुढे आली. या आजाराबद्दल छापून येईल तितकं कमीच बरं, हा त्यांचा सूर. १९४९ साली जॉन्स-मॅनव्हिलच्या कंपनी डॉक्टरांनी एक्स-रेत आजार दिसलेल्या सात कामगारांबद्दल लिहून ठेवलं की माणूस अजून धडधाकट वावरतो आहे तोवर त्याला काही सांगू नये. तो निवांत जगेल आणि कंपनीला त्याच्या अनुभवाचा फायदा होत राहील. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद खाली ठेवला. एक्स-रे त्या कामगाराच्या छातीचा, आणि तो पाहायचा हक्क त्याला सोडून सगळ्यांना.

अमेरिकेत बांध फुटला तो १९७३ साली. क्लॅरेन्स बोरेल या टेक्सासमधल्या लॅगिंग कामगाराच्या खटल्यात अपील न्यायालयानं ठरवलं की धोक्याची सूचना न देता माल विकणारा उत्पादक जबाबदार आहे; तो कामगार त्याच्या पगारावर नसला तरी. बोरेल निकालाआधीच वारले होते. पाठोपाठ हजारो दावे आले, आणि १९८२ साली जॉन्स-मॅनव्हिलनं, तोट्यात नसताना, दिवाळखोरीचा आसरा घेतला. भरपाईसाठी विश्वस्त निधी उभा राहिला तो १९८८ साली. मधल्या वर्षांत मेले त्यांचं काय, याचा हिशेब कुठल्याच निधीत मांडलेला नाही.

टर्नर अँड न्यूऑलचे कागद बाहेर आले ते वेगळ्याच वाटेनं. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या बँकेनं आपल्या गगनचुंबी इमारतीत फवारलेलं ॲस्बेस्टॉस काढण्याचा खर्च मागत कंपनीवर दावा लावला. बँक हरली. पण दाव्याच्या निमित्तानं कंपनीची दप्तरं उघडली, दहा लाखांहून जास्त कागदांच्या प्रती निघाल्या. त्यांच्या बळावर लीड्स शहरातल्या आर्मली भागातली जून हॅन्कॉक न्यायालयात उभी राहू शकली. तिथल्या, याच समूहाच्या कारखान्यात ती एक दिवसही कामाला नव्हती. लहानपणी कारखान्याच्या आवारालगत बर्फासारख्या साचलेल्या धुळीत ती खेळली होती. १९९५ साली तिच्या बाजूनं निकाल लागला: कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्यांनाही ही धूळ बाधू शकते, हे कंपनीला कळायला हवं होतं. इतिहासकार जेफ्री ट्वीडेल यांनी पुढे याच कागदांवरून कंपनीचा सविस्तर इतिहास लिहिला.

उपकंपनीच्या आडोशाला उभं राहणाऱ्या मूळ कंपनीचं काय? दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांनी हा प्रश्न लंडनला नेला. केप या ब्रिटिश कंपनीच्या निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसच्या खाणी तिथं होत्या. लंडनमध्ये दावा चालवायला केपनं कसून विरोध केला. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं दावा इंग्लंडमध्येच चालेल असं ठरवलं. २००३ साली सुमारे साडेसात हजार दावेदारांसाठी केपनं ७५ लाख पौंड दिले. भागाकार वाचकांनीच करावा. पुढे २०१२ साली केपच्याच एका ब्रिटिश उपकंपनीतल्या कामगाराच्या दाव्यात अपील न्यायालयानं म्हटलं की मूळ कंपनीला उपकंपनीतल्या धोक्याचं अधिक ज्ञान असेल, तर त्या कामगारांची काळजी घेण्याचं कर्तव्य तिच्यावरही येऊ शकतं. ज्ञान जिथं आहे तिथं जबाबदारी आहे, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे मान्य व्हायला नेलीच्या मृत्यूनंतर ८८ वर्षं लागली.

आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात हा आजार बराच आधी आला. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसिस आला. कारखाने अधिनियमात तो कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत आला; रुग्ण सापडला तर डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं असे. भोपाळनंतर, १९८७ साली त्या कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं आणि कामगाराला आपल्या आरोग्याची नोंद पाहण्याचा हक्क मिळाला. आणि २७ जानेवारी १९९५ रोजी, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं, किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतरचं असेल तोवर जपायची. प्रत्येक कामगाराला विम्याचं संरक्षण द्यायचं. आजार नक्की ठरलेल्यांना एक लाख रुपये द्यायचे. ४० वर्षांचा आकडा न्यायालयानं सहज घातलेला नाही. या आजाराची चाल किती सावकाश आहे हे ज्यांना समजलं होतं, त्यांनी तो घातला.

निकाल चांगला आहे. तो दाराशी नेणारी माणसं फार थोडी आहेत. मुंबईत डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले; २२ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस होता. ही टक्केवारी मेरवेदरच्या टक्केवारीशेजारी ठेवून पाहा: १९३० साली २६. मध्ये पंचाहत्तर वर्षं गेली आहेत. छातीवर डाग दिसला की टीबी म्हणून औषधं सुरू होणं, ‘विडी ओढता का’ एवढंच विचारून माणसाला घरी पाठवणं, हे आपल्याकडे नेहमीचं. विडीचा मुद्दा खरा आहे, पण तो उत्पादकाला सोडवत नाही. सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अमेरिकी अभ्यासात फुफ्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसनं पाचपट, नुसत्या धूम्रपानानं सुमारे अकरापट, आणि दोन्ही एकत्र आले की पन्नासपटीहून जास्त वाढलेला आढळला. धूम्रपान करणाऱ्या कामगाराला या धुळीपासून जास्त जपायला हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

उद्योगाचं म्हणणं असं की तंतू सिमेंटात घट्ट बसलेला असतो, कारखान्यात धूळ मोजली जाते, नियंत्रण ठेवून वापरला तर धोका नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आत हे कितपत खरं आहे, ते पुस्तकात तपासलं आहे. फाटकाबाहेर मात्र ते टिकत नाही. पत्रा कापणाऱ्या मिस्त्रीकडे धूळ मोजण्याचं यंत्र नसतं. वादळात उडालेल्या, पुनर्विकासात फोडलेल्या पत्र्यांचे तुकडे उचलणाऱ्या बाईच्या पदराला कोणतं नियंत्रण? मुंबईत दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला जुनी जहाजं तोडणाऱ्याला इंजिनरूममधलं लॅगिंग हातानं ओरबाडावं लागतं. २००६ साली फ्रान्सची क्लेमांसो ही विमानवाहू नौका तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून गदारोळ झाल्यामुळे अलंगच्या वाटेवरून परत बोलावली गेली. तिची बातमी झाली. एरवी येणाऱ्या जहाजांची होत नाही. ब्रिटननं १९९९ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली, युरोपीय संघानं २००५ साली. ज्या कॅनडानं पिढ्यान् पिढ्या हा तंतू जगाला विकला, त्यानंही २०१८ साली बंदी घातली. भारत सरकारनं १९८६ साली देशात नव्या खाणींना परवाने देणं थांबवलं; आयात चालू ठेवली. आज आपण वर्षाला तीन लाख टनांहून जास्त ॲस्बेस्टॉस आणतो, जगात सर्वांत जास्त. खाणकामगारासाठी जो धोका आपण मान्य केला, तो पत्रा कापणाऱ्यासाठी का मान्य करत नाही, याचं उत्तर सरकारनं द्यायला हवं.

हे पुस्तक मी कायद्याच्या अभ्यासकांसाठी लिहिलेलं नाही. जिना चढताना ज्यांच्या वडिलांना दम लागतो त्या मुला-मुलींसाठी लिहिलं आहे. मुलुंड, घाटकोपर, ठाणे-बेलापूर पट्टा, वीज केंद्रं, गोदी, रेल्वे वर्कशॉप, गिरण्यांची बॉयलर हाऊसं, इथं ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांच्या घरांत हा प्रश्न अजून संपलेला नाही. कंपनीनं आपले कागद जपले आणि लपवले. कामगाराचे कागद मात्र घर बदलताना, दिवाळीच्या साफसफाईत निघून जातात. तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात जुना गेटपास असेल, हजेरी कार्ड, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, नोकरी सोडतानाचं पत्र, जुनी एक्स-रे फिल्म असेल, तर टाकू नका. कोणत्या खात्यात, कोणत्या सालापासून, कोणाबरोबर काम केलं, हे वडिलांना विचारून आजच वहीत तारखेसह लिहून ठेवा, खाली त्यांची सही घ्या. दवाखान्यात गेल्यावर आजारपणाच्या आधी हे सांगा की त्यांनी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलं आहे, आणि डॉक्टरांना ते केसपेपरवर लिहायला लावा.